लेक टेलिकॉम इंजिनिअर झाली, आता पुढे काय?

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

मी विठ्ठलवाडीहून बोलतेय. कल्याण सोडलं की कर्जतच्या बाजूचं पहिलं स्टेशन, ते आमचं. मुरबाड, शहापूर, अंबरनाथकडच्या गटांतल्या बायका बाजाराला, दवाखान्याला, बँकेच्या कामाला इकडे येतात आणि दोन घटका बसल्या की मला हमखास एक प्रश्न विचारतात, कारण माझं शिक्षण आणि काम याच शाखेतलं. "ताई, आमची पोरगी ईएक्सटीसीला आहे. ते नक्की काय असतं? नोकरी लागेल ना?" आणि जरा वेळाने, आवाज खाली आणून, दुसरा प्रश्न येतो. "आणि ती नोकरी मुलीने करण्यासारखी असते ना?"

आज या दोन्ही प्रश्नांवर बोलू.

आधी नाव समजून घेऊ. मुंबई विद्यापीठात या शाखेला ईएक्सटीसी म्हणतात, पुण्याकडे ईएनटीसी. दोन्हींचा अर्थ एकच, इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार. आवाज, चित्र, अक्षरं एका जागेहून दुसऱ्या जागी पोचवायची विद्या. आत्ता माझा आवाज तुमच्या घरात येतोय तोही याच विद्येने. सामुदायिक रेडिओचं प्रक्षेपण यंत्र लहान असतं, त्याचा आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटर जातो. तेलंगणात संघम रेडिओ नावाचं केंद्र २००८ सालापासून खेड्यातल्या दलित बायका चालवतात. त्यांच्याकडे इंजिनिअरची पदवी नाही, पण यंत्र त्यांनी शिकून घेतलं. तेव्हा हे काम बायकांचं नाही, ही शंका इथेच बाजूला ठेवू.

आपल्या पिढीला दूरसंचार म्हटलं की टेलिफोन खातं आठवतं. चिकटला की पेन्शनपर्यंत काळजी नाही. ते दिवस आता तसे राहिले नाहीत. खात्याची बीएसएनएल कंपनी २००० साली झाली आणि ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी तिचे सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी गेले. म्हणून काही घरांत समज झाला की या शाखेत आता काही राहिलं नाही. खरं तर काम कमी झालं नाही, वाढलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात फाइव्ह-जी सुरू झालं, गावोगाव काचेच्या तारा गेल्या. बदललं ते इतकंच की काम देणारा एक राहिला नाही, आणि एकदा शिकलेलं आयुष्यभर पुरत नाही.

ही कामं कुठे असतात ते बघायला एक फोन लावू. समजा मुरबाडच्या पुढच्या गावातून तुम्ही विठ्ठलवाडीच्या बहिणीला फोन लावला. तुमचा आवाज आधी हवेतून जवळच्या टॉवरला जातो. टॉवर कुठे हवा, त्याचा अँटेना किती कलता ठेवायचा, कुठल्या वळणावर रेंज जाते, हे बघणारा तो आरएफ इंजिनिअर. गाडीत लॅपटॉप आणि फोन घेऊन गावोगाव फिरत रेंज मोजायची, याला ड्राइव्ह टेस्ट म्हणतात. पुष्कळ आयांना वाटतं की पोरीला टॉवरवर चढावं लागेल. टॉवरवर चढणारा कामगार वेगळा असतो, त्याला रिगर म्हणतात, आणि त्याचं वेगळं प्रशिक्षण असतं. इंजिनिअर बहुतेक वेळा खाली उभं राहून मोजमाप बघते आणि वरच्याला सांगते.

टॉवरपासून पुढे आवाज जातो तो जमिनीखालच्या काचेच्या तारेतून. ही तार, म्हणजे फायबर, केसाएवढी बारीक असते आणि तिच्यातून उजेड धावतो. एका केबलमध्ये बारा-बारा तारांचे जुडगे असतात. त्यांच्या रंगांचा क्रम पाढ्यासारखा पाठ करावा लागतो : निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, फिकट निळा. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली की गावाचं इंटरनेट बंद पडतं. मग तुटलं कुठे हे शोधायला सगळा रस्ता खणायचा का? नाही. ओटीडीआर नावाचं यंत्र तारेत उजेडाचा एक ठोका सोडतं आणि तो परतायला किती वेळ लागला ते मोजतं. काचेतून उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात तो परत आला, तर जाऊन-येऊन वीस किलोमीटर झाले, म्हणजे तार दहा किलोमीटरवर तुटली. मग तिथे जाऊन दोन टोकं स्प्लायसिंग यंत्रात ठेवून विजेच्या ठिणगीने वितळवून जोडायची. हे सांधणं ज्याला सफाईने येतं, त्याला काम शोधत फिरावं लागत नाही.

ग्रामपंचायतींना अशा तारेने जोडायची सरकारी योजना म्हणजे भारतनेट. २०११ साली ती मंजूर झाली, तेव्हा नाव वेगळं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या पुढच्या टप्प्याला १ लाख ३९ हजार कोटींहून जास्त रक्कम मंजूर झाली. त्यात गावात घरोघरी जोडण्या देणं आणि त्या नीट राखणं हे काम स्थानिक उद्यमींकडे द्यायचं ठरलं आहे. पदविका झालेली तुमच्या गावची मुलगी आणि मागे बचत गट, अशी जोडी इथे उभी राहू शकते. याची चौकशी बीएसएनएलच्या कार्यालयात करावी, दलालाकडे करू नये.

आता फोन पोचला मोठ्या केंद्रात. शेकडो टॉवर आणि हजारो किलोमीटर तारा पडद्यावर बघत बसणारी जागा असते, तिला नॉक म्हणतात, नेटवर्क ऑपरेशन सेंटर. कुठे लाल दिवा लागला, कोणाला पाठवायचं, किती वेळात दुरुस्त झालं, याची नोंद चोवीस तास चालते. म्हणून तिथे पाळ्या असतात. विठ्ठलवाडीहून ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर लोकल धरली की ऐरोली, रबाळे, घणसोली लागतात. त्या पट्ट्यात टेलिकॉम कंपन्यांची कार्यालयं आहेत आणि डेटा सेंटरं आहेत. डेटा सेंटर म्हणजे संगणकांचं मोठं कोठार. तुमचे फोटो, बँकेचे हिशोब, व्हिडिओ शेवटी अशाच कोठारात राहतात. तिथे वीज, थंडावा आणि जोडण्या सांभाळायला हीच मुलं-मुली लागतात.

रेल्वेचं आपल्याला नवल नाही, पण तिथेही ही शाखा आहे. कल्याणला एक गाडी कसाऱ्याकडे जाते, एक कर्जतकडे. रूळ बरोबर बदलला, सिग्नल बरोबर पडला, गार्ड आणि स्टेशनमास्तर बोलू शकले, हे सगळं सिग्नल आणि दूरसंचार विभाग बघतो. ज्युनिअर इंजिनिअरसाठी रेल्वे भरती मंडळाची परीक्षा असते, ती पदविकेवरही देता येते. पदवीवर केंद्रीय लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा आहे. आणि रेल्वेत बाई काय करणार असं कोणी म्हणालं, तर साताऱ्याच्या सुरेखा यादव यांचं नाव सांगा. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून त्यांनी विद्युत शाखेची पदविका केली, मध्य रेल्वेत इंजिन चालवायला लागल्या आणि मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत चालवत आणली. शाखा शेजारची, पण वाट तीच.

आणखी वाटा आहेत त्या झटपट सांगते. विमानतळावरची रडार आणि संदेश यंत्रणा विमानतळ प्राधिकरण बघतं. इस्रो आहे, सी-डॉट आहे, पोलिसांचा बिनतारी संदेश विभाग आहे, लष्करात अविवाहित इंजिनिअर मुलींसाठी तांत्रिक भरती आहे. यांपैकी काही ठिकाणी गेट परीक्षेचे गुण मागतात. बऱ्याच मुली सॉफ्टवेअर कंपनीत जातात, त्यातही काही चुकीचं नाही.

माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात गेलात तर खोडद गावी मोठमोठ्या तबकड्या दिसतात. एकेक तबकडी ४५ मीटर रुंद, अशा तीस आहेत. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या ऐकतात आणि काचेच्या तारेने एका ठिकाणी आणतात. जगातले शास्त्रज्ञ तिथे काम करायला येतात आणि ती यंत्रणा आपलेच इंजिनिअर सांभाळतात. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीला, तिथे प्रदर्शन भरत आलं आहे. गटाची सहल देवदर्शनाला नेताच, एकदा शाळेतल्या मुली घेऊन तिकडेही जा.

आता शिकायचं काय ते बोलू. चार वर्षांच्या पदवीत पुस्तकं पुष्कळ होतात, हात कमी चालतो. मुलाखतीत विचारतात ते साधं असतं. मल्टीमीटर कसा लावतेस? आयपी पत्ता म्हणजे काय? दोन संगणक एकमेकांशी बोलत नसतील तर आधी काय तपासशील? इथे पुष्कळ जणी अडतात. म्हणून तिसऱ्या वर्षापासूनच चार गोष्टी धरायच्या. पहिली, मूळ विषय पक्का : विद्युत परिपथ, लहरी, डेसिबलचा हिशोब. दुसरी, संगणक जाळं : आयपी, राउटर, स्विच, आणि त्याबरोबर लिनक्स आणि पायथन. सिस्को कंपनीचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं, त्यात घरी बसून जाळं उभारून बघता येतं. तिसरी, हाताचं काम : सोल्डरिंग, केबलची टोकं बसवणं, फायबर जोडणं. चौथी, लिहिणं-बोलणं. बिघाड काय होता आणि काय केलं, हे चार वाक्यांत इंग्रजीत लिहिता आलं पाहिजे. फाड-फाड इंग्रजी लागत नाही, नेमकं लागतं.

यासाठी महागडे क्लास लावायच्या आधी स्वयम् आणि एनपीटीईएल बघा. आयआयटीच्या प्राध्यापकांचे धडे मोबाईलवर फुकट बघता येतात, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी पडते. आणि पदवी किंवा पदविका हातात आली की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजनेत, म्हणजे नॅट्समध्ये, नाव नोंदवा. एक वर्ष प्रत्यक्ष कामावर शिकता येतं, दरमहा विद्यावेतन मिळतं आणि शेवटी सरकारी प्रमाणपत्र मिळतं. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत.

मैत्रिणींनो, आता दुसऱ्या प्रश्नावर येते. ही नोकरी मुलीने करण्यासारखी आहे का?

मी बघते ते असं. मुलगी चांगल्या गुणांनी पास होते. मग घरात ठरतं, लग्न जमेपर्यंत जवळच काहीतरी बघ. जवळ काही नसतं. वर्ष जातं, दोन वर्षं जातात. या शाखेत दोन वर्षं फार झाली. ती कॉलेजात होती तेव्हाची यंत्रणा बदललेली असते आणि बरोबरच्या मुलांच्या हाताला दोन वर्षांचा सराव झालेला असतो. मग मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, "इतके दिवस काय करत होतात?" पदवी भिंतीवर राहते आणि फीसाठी घेतलेलं कर्ज आपण फेडत बसतो. पास झाल्यानंतरची पहिली दोन वर्षं सगळ्यात महत्त्वाची असतात, आणि त्या दोन वर्षांत ती कामावर जाणार की नाही हे कंपनी ठरवत नाही. ते आपल्या स्वयंपाकघरात ठरतं.

भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. रात्री अकराला लोकलमधून उतरलेल्या मुलीची वाट बघणं काय असतं, हे आईलाच ठाऊक. पण भीती वाटली म्हणून लगेच नको म्हणण्यापेक्षा चार प्रश्न विचारावे. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा सांगतो की रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही, आणि लावायचं तर तिच्या सुरक्षेची आणि घराच्या दारापर्यंत गाडीची सोय मालकाने करायची. तेव्हा विचारा : रात्रपाळी किती दिवसांनी येते? गाडी दारापर्यंत येते का, की नाक्यावर सोडते? सोबत सुरक्षारक्षक असतो का? कार्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती आहे का? दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे २०१३ च्या कायद्याने ती सक्तीची आहे. उत्तरं नीट मिळाली तर पोरीला जाऊ द्या. नाही मिळाली तर दुसरी जागा बघा, पण घरी बसवू नका.

या क्षेत्रात बरंच काम ठेकेदारामार्फत चालतं. म्हणून नेमणुकीचं पत्र कागदावर घ्या. पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापतात का, यूएएन क्रमांक दिला का, हे पहिल्याच महिन्यात बघा. मासिक पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय विचारा. बाहेर फिरण्याचं काम असेल तर अपघात विमा विचारा. हे विचारलं म्हणून नोकरी जात नाही.

आता पैशाचं. आपल्याकडे मुलीच्या फीसाठी आधी गटातून कर्ज काढतात किंवा डाग गहाण ठेवतात. क्रम उलटा करा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि एसईबीसी घटकांतल्या मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. प्रवेश मात्र सरकारी केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर सवलत गेली. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या योजना आहेत. दुसरी पायरी, एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती, वर्षाला ५० हजार रुपये, पदवी आणि पदविका दोन्हींसाठी, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. तिसरी पायरी बँकेचं शैक्षणिक कर्ज. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला साधारणपणे घर-जमीन तारण द्यावी लागत नाही. गटाचं कर्ज सगळ्यात शेवटी, वसतिगृह, लॅपटॉप अशा वरखर्चाला.

दहावीनंतरचा रस्ताही लक्षात ठेवा. तीन वर्षांची पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाता येतं. मध्येच घरची अडचण आली तरी पदविका हातात राहते आणि तिच्यावर नोकरी लागते. मुलींसाठी लातूर, यवतमाळ, तासगावला निवासी शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. पदवीसाठी मुंबईत एसएनडीटीचं उषा मित्तल कॉलेज आणि पुण्यात कर्वेनगरला कमिन्स कॉलेज, ही दोन्ही फक्त मुलींची.

एक सावधगिरी. "रेल्वेत लावतो, बीएसएनएलमध्ये लावतो, एवढे भरा" असं म्हणणारा माणूस आला तर त्याला चहासुद्धा देऊ नका. सरकारी भरती परीक्षेने होते, पैसे भरून होत नाही. खासगी कंपनीही नोकरीसाठी अनामत घेत नाही. तसंच "तुमच्या शेतात टॉवर लावतो, आधी कराचे पैसे भरा" हाही फसवणुकीचा प्रकार आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, अशा कामासाठी ना परवानगीपत्र देतं ना कर घेतं. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० या क्रमांकावर फोन करा.

शेवटी गटासाठी तीन कामं. पुढच्या बैठकीत एक वही काढा आणि गावातल्या दहावी, बारावी, पदविका, पदवी झालेल्या मुलींची नावं आणि पास झाल्याचं वर्ष लिहा. पास होऊन घरी बसलेली जी असेल तिच्या आईशी गटातल्या दोघी-तिघींनी जाऊन बोला. आई एकटी असली की घरात तिचं चालत नाही, गट गेला की सासरेबुवाही ऐकून घेतात. दुसरं, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला हे निकालाच्या आधीच काढून ठेवा. दाखला वेळेवर नसला तर हक्काची सवलत हातची जाते. तिसरं, तालुक्याला किंवा शहरात नोकरीला राहणाऱ्या आपल्या गावच्या मुली कोण कोण आहेत ते लिहा. नव्याने जाणाऱ्या मुलीला पहिले दोन महिने त्यांच्या खोलीवर जागा मिळाली, स्टेशन कुठलं, डबा कुठला हे कळलं, तर निम्मी भीती तिथेच जाते. विठ्ठलवाडी, कल्याण, डोंबिवलीत अशा खोल्या करून राहणाऱ्या मुली भरपूर आहेत.

वहीत नावं किती आली ते केंद्रावर कळवा. ज्या मुलींना मुलाखतीची तयारी करायची आहे त्यांचे प्रश्नही पाठवा, त्यांवर पुढे बोलू.